सीटखालचा डबा

१४ मार्च १९८२

गाडी आली. बंदरातून लाकडी पेटीत आली. पेटीवर काळ्या रंगात माझं नाव होतं: बलराम, पेती राफ्रे. एवढ्या मोठ्या अक्षरांत माझं नाव मी आजवर पाहिलं नव्हतं. चंपाने पेटीच्या फळ्या जपून ठेवल्या, फेकू दिल्या नाहीत.

आमच्या मुलाने, देवराजने, लिहिलं आहे की एक वही करा आणि गाडीचं जे होईल ते लिहीत जा. म्हणून ही वही. मी बैठकेत, म्हणजे गावच्या संध्याकाळच्या शाळेत, मास्तरांकडे चार वर्षं शिकलो, तेवढंच माझं मराठी. नंतर सदतीस वर्षं साखर कारखान्यात नट-बोल्टांचे पाने फिरवले.

मोटरसायकलीचं रूप जुनं आहे. गोल दिवा, थेंबासारखी टाकी, तारांची चाकं. मी पोरसवदा असताना कारखान्याच्या साहेबाची गाडी पुसायचो, ती अशीच होती. पण आत सगळं नवं. हिला कार्बुरेटरच नाही. पेट्रोल बारीक फवाऱ्याने इंजिनात जातं आणि केव्हा किती जायचं ते सीटखालचा एक डबा ठरवतो. विजेवर. डबा साबणाच्या दोन वड्यांएवढा. माझा विश्वास बसत नाही. कार्बुरेटर खोलता येतो, फुंकता येतो. डब्याला काय फुंकणार? वर लाखेची मोहोर आहे. तो उघडायचा नाही, असं देवराजने दोनदा लिहिलं आहे.

देवराज परदेशात वर्कशॉपात काम करतो. तिथल्या साहेबांनी अशा तीन गाड्या बाहेर काढल्या. एक बर्फाच्या मुलखात, एक त्यांच्याकडे, आणि एक इथे, ऊन आणि खारं वारं सोसते का ते बघायला. देवराजचं वाक्य जसंच्या तसं उतरवतो: "बाबा, तीन वर्षं गाडी टिकली, तर साहेब मॉरिशसला दुकान काढणार आणि ते दुकान मी चालवणार. म्हणजे मी घरी येणार."

चंपाने हे वाक्य चारदा वाचायला लावलं. पाचव्यांदा तिने स्वतःच म्हणून दाखवलं.

त्याला जाऊन तेरा वर्षं झाली.

१५ मार्च १९८२

अकरा मैल. काप मालेरेपर्यंत जाऊन आलो. बटण दाबलं की चालू होते, लाथ मारावी लागत नाही. आवाज जुन्या गाडीसारखाच, पण खोकत नाही. परत आल्यावर कोरड्या फडक्याने पुसली, मग ओल्या, मग पुन्हा कोरड्या.

शेजारची बसंती कुंपणावरून म्हणाली, "काय काका, धाकटीची आंघोळ झाली का? थोरलीला कुणी विचारतं का?"

चंपा आतून ओरडली, "थोरलीने पाणी तापवून दिलंय धाकटीला!"

दोघी हसल्या. मला हसू आलं नाही. सगळा भार माझ्या हातावर आहे. माझ्या हातून काही झालं तर?

२ मे १९८२

एकूण ३१२ मैल. बिघाड नाही. देवराजला एप्रिलच्या नोंदींचं पत्र टाकलं.

चंपा म्हणते, एवढं बारीक कशाला लिहिता. तिला माहीत आहे कशाला. एक्कावन्न साली वाफेचा एक वॉल्व्ह थोडा फुसफुसत होता. मी तो पाळीच्या वहीत लिहिला नाही. म्हटलं, उद्या बघू. पुढच्या पाळीला सीताराम आला आणि त्याच वॉल्व्हने त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. तो मला कधी काही बोलला नाही. डाव्या हाताने जेवायचा, एवढंच. तेव्हापासून जे दिसतं ते मी लिहितो.

दसरा, १९८२

एकूण ११०४ मैल. सात महिने झाले, एकही बिघाड नाही.

आज पूजा केली. माझे आजोबा कोकणातून आले तेव्हा कोयता आणि कुदळ पुजायचे. बापूने तेच केलं. मी कारखान्यात पाने पुजले. आमच्या गावात आपटा नाही, म्हणून आजोबा दुसऱ्याच एका झाडाची पानं सोनं म्हणून वाटायचे. आम्ही अजून तीच वाटतो.

गाडी धुतली, पुसली, झेंडूचा हार घातला. मग वाटलं, नुसत्या टाकीला आणि दिव्याला कुंकू लावून काय होणार? जीव तर सीटखाली आहे. सीट उचलली. मोहोरेला धक्का लावला नाही. डब्यावर हळद-कुंकू वाहिलं. चंपाने तांब्यात दूध आणि थोडा मध दिला, ते हळूहळू धार धरून वाहिलं. मग नारळ फोडला आणि त्याचं पाणीही त्याच्यावर शिंपडलं. चंपाने हात जोडले. तिचे ओठ हलत होते. काय मागितलंस असं विचारलं नाही. मीही तेच मागितलं.

पत्रात मैल आणि पेट्रोल लिहिलं. पूजेचं लिहिलं नाही. पत्र साहेबांपुढे इंग्रजीत जातं. त्यांना कशाला?

९ जानेवारी १९८३

बंद पडली.

सकाळी रिमझिम होती. गुडलँड्सच्या बाजाराला निघालो आणि उसाच्या दोन शेतांमध्ये, वर नाही खाली नाही, अशी इंजिनाने मान टाकली. बटण दाबलं, नुसतं फिरतं, पेटत नाही. अर्धा तास उभा होतो. पाऊस थांबला, ऊन आलं, पुन्हा बटण दाबलं आणि चालू झाली, जसं काही झालंच नाही. 

११ जानेवारी १९८३

काल पुन्हा. तसंच. दमट हवा असली की.

जेवताना चंपा म्हणाली, "अहो, नका ना लिहू."

"काय नको?"

"दोनदा पडली ती. एकदाच लिहा. नाहीतर एकदाही नको. देव काय वही तपासायला येणार आहे?"

मी म्हटलं, "आणि मग दुकानातून गाड्या विकल्या गेल्या आणि कुणाच्या पोराची गाडी ट्रकपुढे बंद पडली तर?"

तिने ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "तुमचं बरोबर आहे." आणि उठून भांडी घासायला गेली. भांडी तिने दोनदा घासली.

मी लिहिलं. दोन्ही वेळा लिहिलं, तारखेसकट.

२० फेब्रुवारी १९८३

देवराजचं उत्तर आलं. त्याने एकच प्रश्न विचारला आहे: डब्याला पाणी लागलं का?

दिवसभर शेडच्या पत्र्याखाली उभा राहून वर बघितलं. बसंतीला पत्र्यावर बादलीभर पाणी ओतायला लावलं. ती म्हणाली, "काका, लोक बघतायत, मला वेडी म्हणतील." एक थेंब आत आला नाही. धुतानाही मी सीटला फडकं बांधतो. उत्तर लिहिलं: डब्याला कधीही पाणी लागलेलं नाही, हे मी शपथेवर सांगतो. बाकी इथली हवा खारी आहे, लोखंडी फाटक दोन वर्षांत गंजतं.

बसंतीचं म्हणणं की दृष्ट लागली. गावात अशी गाडी दुसरी नाही, सगळे वळून बघतात. मला पटलं नाही, पण मनाला चैनही पडेना. म्हणून आज दसरा नसताना एक नारळ फोडला, सीट उचलून, नीट.

१७ जुलै १९८३

एकूण २२९० मैल. एप्रिलपासून एकदाही बंद पडली नाही. थंडीचे, कोरडे दिवस. ऊसतोडणी सुरू आहे, रस्त्यावर चिपाडं पडलेली असतात, तरी चाक घसरत नाही.

चंपाने मागची खोली झाडली. पेटीच्या फळ्यांचा पलंग करून घेतला. म्हणाली, "देवराजला जमिनीवर झोपायची सवय राहिली नसेल." पडद्याला निळं कापड आणलं. मी म्हटलं, अजून पावणेदोन वर्षं आहेत. ती म्हणाली, "पडदे लवकर जुने होत नाहीत."

तिने जोडवी काढून ठेवली आहेत. घट्ट होतात म्हणते. लग्नापासून पायात आहेत, आता कशी घट्ट होतील? सोनाराकडे घेऊन जातो म्हटलं तर नको म्हणाली.

दसरा, १९८३

पूजा केली. या वर्षी दूध थोडं जास्त. साहेबांच्या देशाची वस्तू, तिला आपल्या देवाची ओळख नसेल, असं चंपा म्हणाली. दोन वेळा ओळख करून दिलेली बरी.

२९ जानेवारी १९८४

लिहायला नको वाटतं, पण लिहितो.

चंपाला गुडलँड्सच्या डॉक्टरकडे नेत होतो. बरेच दिवस तिला चालताना धाप लागते. बसने गेलो असतो, पण तीच म्हणाली, "देवराजच्या गाडीवर बसायचंय. एकदाही बसवलं नाहीत." पदर खोचून, माझ्या खांद्याला धरून बसली. चढावर पोचलो, आभाळ भरून आलं, आणि गाडी गेली.

चाळीस मिनिटं. चंपा रस्त्याच्या कडेला मोरीच्या कठड्यावर बसून राहिली. मी सारखं बटण दाबत होतो. ती म्हणाली, "तिला कशाला रागावता? पोराने हाताने केलीय." मग ऊन आलं आणि चालू झाली. चढावर मी तिला उतरून चालायला सांगितलं, म्हणजे इंजिनावर भार नको. पन्नास पावलं असतील. तीन वेळा थांबली. मला वाटतं, घरात बसून बसून तिची चालायची सवय गेली आहे.

डॉक्टरने कान लावून ऐकलं. म्हणाला, "लेकेर फातिगे." हृदय थकलंय. या वयात कुणाचं थकत नाही? गोळ्या दिल्या आणि मीठ कमी खायला सांगितलं.

बिघाड क्रमांक ७. वेळ सकाळी ९.४०. हवा दमट.

४ मार्च १९८४

आज गुडलँड्सला हरिप्रसादच्या गॅरेजात गेलो. तो हुशार पोरगा आहे, बस, ट्रॅक्टर सगळं दुरुस्त करतो. गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, बसून खाली बघितलं, डोकं खाजवलं.

"कार्बुरेटर कुठाय, चाचा?"

"नाही."

"नाही म्हणजे? विकला?"

"नसतोच हिला. हा डबा आहे."

डबा बघून तो मोठ्याने हसला. "चाचा, ही मोटरसायकल नाही, रेडिओ आहे! रेडिओवर बसून बाजाराला जाता काय?" मग माझं तोंड बघून त्याने हसणं थांबवलं. "खोलू का? तारांचं तोंड सोडवून बघतो."

मी नाही म्हटलं. मोहोर आहे. देवराजने दोनदा लिहिलंय.

"मग हात जोडा तिला," तो म्हणाला. "पा त्राकासे, चाचा." काळजी करू नको, असं इथे सगळे सगळ्यांना सांगतात. मला ते कधी जमलं नाही.

हात तर जोडतोच आहे.

दसरा, १९८४

चंपाला उभं राहवेना. शेडमध्ये खुर्ची आणून दिली, त्यावर बसून तिने तांब्या धरला. पाय सुजलेले होते, दुधाच्या लोट्यासारखे गोल. ती म्हणाली, "मी धार धरते. तुमचा हात हलतो." तिचा हात माझ्याहून जास्त हलत होता. दूध डब्यावर, तारांवर, खाली जमिनीवर गेलं. ती म्हणाली, "सांडलं तरी तिलाच मिळालं."

एकूण ४७५१ मैल. पाच महिने राहिले.

१४ मार्च १९८५

तीन वर्षं पूर्ण.

सगळी वही चाळून शेवटचं पत्र केलं. एकूण मैल ५३९८. टायर एक जोडी. साखळी एकदा. दिव्याचे बल्ब दोन. डबा अथवा फवारा यामुळे गाडी बंद पडणे: तेवीस वेळा. त्यातल्या अकरा या पावसाळ्यात. गेल्या आठवड्यापासून तर ऊन पडलं तरी चालू होत नाही, शेडमध्ये उभी आहे.

तेवीस हा आकडा लिहून पेन खाली ठेवलं. चंपा पलंगावरून बघत होती. त्या निळ्या पडद्याच्या खोलीतल्या पलंगावर, कारण तिथे वारा येतो.

"किती लिहिलेत?"

"तेवीस."

"आहेत तेवीस?"

"आहेत."

"मग तेवीस लिहा," ती म्हणाली. भिंतीकडे वळून झोपली.

१८ एप्रिल १९८५

देवराजचं पत्र. उतरवतो, कारण मला एकदा वाचून कळलं नाही.

"बाबा, बर्फातली गाडी तीन वर्षांत एकदाही बंद पडली नाही. इथलीही नाही. तरी साहेब म्हणाले, गरम मुलखात तेवीस म्हणजे फार झालं. आमच्याकडे दोष सापडत नाही, आणि जो सापडत नाही तो दुरुस्तही करता येत नाही. मॉरिशसचं दुकान रद्द झालं. साहेबांचं वय झालं, ते वर्कशॉपच विकत आहेत. मला बसच्या डेपोत काम मिळालं आहे. तुम्ही खरं लिहिलंत, त्याबद्दल साहेबांनी तुमचे आभार मानले. आईला सांगा, सुट्टी साठली की येतो."

चंपाला पहिला भाग वाचून दाखवला नाही. "सुट्टी साठली की येतो" एवढंच वाचलं. तिने पुन्हा वाचायला सांगितलं नाही.

थोड्या वेळाने म्हणाली, "दुकानाचं काय झालं ते पण वाचा. मी काय लहान आहे?"

९ जून १९८५

चंपा गेली. सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी.

१३ जून १९८५

देवराजला आणायला टॅक्सीने प्लेझान्सच्या विमानतळावर गेलो. तो बाहेर आला तेव्हा मी दुसऱ्याच कुणाकडे बघत होतो. त्याचे केस कानाजवळ पांढरे झाले आहेत. त्याने वाकून पाया पडायला सुरुवात केली आणि मध्येच तसाच राहिला, माझे गुडघे धरून.

अग्नी होऊन तीन दिवस झाले. विमान त्याआधीचं नव्हतं.

घरी आल्यावर निळ्या पडद्याच्या खोलीत जाऊन बसला. पलंगाच्या फळ्यांवर आतल्या बाजूने अजून माझं नाव आहे. ते बोटाने चाचपत होता.

२२ जून १९८५

काल तेरावा झाला. आज दुपारी तो शेडमध्ये गेला. मी मागून गेलो.

त्याने सीट उचलली, स्वतःच्या हाताने मोहोर तोडली.  डब्याला जोडणारं तारांचं तोंड त्याने ओढून काढलं. आत पितळेच्या बारीक दांड्या आहेत, त्या हिरव्या झाल्या होत्या आणि फटीत काहीतरी पिवळं बसलं होतं, वाळलेलं, खपलीसारखं. त्याने चाकूच्या टोकाने ते खरवडलं, रुमालाने पुसलं, रुमाल नाकाशी नेला.

मग माझ्याकडे वळला.

"बाबा, दसऱ्याला सीट उचलत होता?"

"उचलणार नाही तर काय? जीव तिथे आहे ना तिचा. तूच लिहिलंस."

"मग?"

"मग हळद-कुंकू. दूध. नारळाचं पाणी. आईच द्यायची तांब्या भरून. शेवटच्या वर्षी तर तिनेच धार धरली, उभं राहवत नव्हतं तरी."

"दरवर्षी."

"एक वर्ष दोनदा."

त्याने टाकीवर कपाळ टेकलं. मला वाटलं, आईची आठवण आली. मी पाठीवर हात ठेवला. पेट्रोलच्या वासाने त्याचे डोळे लाल झाले होते.

मी विचारलं, "काय आहे ते?"

"मीठ," तो म्हणाला. "समुद्राची हवा. तुम्ही लिहिलं होतंत तेच."

त्याने सगळं साफ केलं, दुसरी बॅटरी आणून तिच्या तारा लावल्या आणि बटण दाबलं. गाडी लगेच चालू झाली. किती सुंदर आवाज! मी टाळी वाजवली. म्हटलं, "साहेबांना कळव! चालू झाली म्हणून कळव!"

"कळवतो, बाबा."

नंतर आठवलं, वर्कशॉप विकलं गेलं.

३० जून १९८५

देवराज गेला. डेपोत रजा एवढीच होती.

जायच्या आदल्या दिवशी त्याने जुनी ट्यूब कापून डब्याला गुंडाळली, वरून तारेने घट्ट आवळलं. म्हणाला, "दसऱ्याला वर फूल ठेवा, बाबा. नुसतं फूल. पाणी, दूध काही नको."

"का रे?"

"साहेबांचा नियम आहे."

साहेबांना दसरा कसा माहीत, असं माझ्या मनात आलं. विचारलं नाही. तो टॅक्सीत बसला तेव्हा म्हणाला, "तुम्ही दोघांनी फार जपलीत." काच खाली करून पुन्हा म्हणाला, "फार जपलीत."

८ सप्टेंबर १९८५

घर मोठं झालं आहे. बसंती जेवणाचा डबा देते आणि जाते, आता चेष्टा करत नाही. आठवड्यातून एकदा गाडी चालू करतो. पावसातही करून बघितली. बंद पडत नाही.

१६ ऑक्टोबर १९८५

दसरा जवळ आला म्हणून शेड झाडली. खिळ्याला देवराजचा रुमाल लटकलेला मिळाला. तो विसरून गेला होता. धुवून पाठवावा म्हणून बादलीत टाकला, साबण चोळला.

पिवळा डाग लाल झाला.

मला आधी गंज वाटला. पण गंज साबणाआधीही लाल असतो. तेलाचा डाग काळा असतो, तो काळाच राहतो. साबण लागला की पिवळ्याचा लाल एकाच गोष्टीचा होतो. आमच्या लग्नात माझ्या धोतराला हळद लागली होती आणि नव्या नवरीने ते साबणाने धुतलं. पांढऱ्या धोतरावर लाल पंजा उठला. चंपा चार दिवस रडली, मग चाळीस वर्षं हसली.

मी बादलीपाशी बसलो होतो. पाणी गार झालं. बसंतीने कुंपणावरून दोनदा हाक मारली.

१७ ऑक्टोबर १९८५

वही पहिल्या पानापासून वाचली.

बर्फातली गाडी एकदाही बंद पडली नाही. तिथे दसरा नाही.

त्याने एकच प्रश्न विचारला होता. मी शपथेवर नाही म्हटलं. बादलीभर पाणी पत्र्यावर ओतलं, पण दुधाचा तांब्या आठवला नाही. ते मी पाण्यात धरलंच नव्हतं.

चंपा तर म्हणत होती, नका लिहू. मी सीतारामच्या हातासाठी लिहिलं. तेवीसच्या तेवीस लिहिले. जे लिहायला हवं होतं तेवढंच लिहिलं नाही.

ती हे न कळता गेली. एवढं एकच बरं झालं. देवराजला कळलं, आणि तो ते घेऊन टॅक्सीत बसला.

आता त्याला पत्र लिहू का, की मला कळलं? दोनदा कागद काढला. त्याने मला मीठ सांगितलं. मी त्याला हळद म्हणून परत कशी पाठवू? नाही पाठवणार. पण ही वही त्याचीच आहे. माझ्यानंतर ती त्याच्या हाती जाईल, तेव्हा तो हे पान वाचेल. बाबाला कळलं होतं, हे त्याला तेव्हा कळेल. तोवर त्याचं मीठ राहू दे.

दसरा, १९८५

सवयीने तांब्या भरला. दूध, मध. शेडमध्ये गेलो, सीट उचलली. काळं रबर, वर तारेचे वेढे, प्रत्येक वेढा देवराजने पक्कडीने पिळलेला.

खुर्ची अजून तिथेच आहे, चंपाची. तांब्या त्या खुर्चीवर ठेवला.

डब्यावर झेंडूचं एक फूल ठेवलं. सीट खाली केली. बाहेर सकाळपासून रिमझिम होती, सगळं दमट. बटण दाबलं. पहिल्याच वेळी चालू झाली. बराच वेळ चालू ठेवली. बसंती दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "काका, कुठे जायचंय?"

म्हटलं, "कुठे नाही."

मैल शून्य. हवा दमट. गाडीत दोष नाही.